तीन सेंटच्या तिकिटावरचं लाकडी लढाऊ जहाज आणि मुंबईला न पोचलेला माल

तिकीटवेडा

२१ ऑक्टोबर १९४७ ला अमेरिकी टपालखात्याने बॉस्टनमध्ये तीन सेंटचं एक तिकीट काढलं. आडवं, निळसर हिरवं. त्यावर तीन डोलकाठ्यांचं एक लढाऊ जहाज बाजूने दाखवलंय. खवळलेला समुद्र, तोफांचा धूर असलं काही नाही, जहाज बांधणाऱ्याच्या टेबलावरचं आरेखन असावं तसं नेटकं चित्र. तिकीट दुर्मीळ मुळीच नाही. पैशाला पासरी मिळतं, संग्राहकांत त्याला कोणी विचारत नाही. तरी माझ्या जहाजांच्या वहीत ते पहिल्या पानावर आहे आणि त्याचं कारण बॉस्टनपेक्षा मुंबईत जास्त आहे. ते ओघाने येईलच.

जहाजाचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’, लाडकं नाव ‘ओल्ड आयर्नसाइड्स’. तिकीट निघालं ते जलावतरणाला १५० वर्षं झाली म्हणून. आज तेच जहाज बॉस्टनजवळ चार्ल्सटाउनच्या गोदीत पाण्यावर तरंगतंय, आणि अमेरिकी नौदलाच्या सेवेतलं जहाज म्हणूनच. इंग्रजांचं ‘व्हिक्टरी’ वयाने मोठं, पण ते कोरड्या गोदीत कायमचं बसलंय. सेवेत असलेलं आणि अजून तरंगणारं जगातलं सर्वात जुनं लढाऊ जहाज म्हणजे हे.

सुरुवात झाली अल्जियर्सच्या चाच्यांपासून. स्वातंत्र्य मिळाल्यावर अमेरिकेकडे आरमारच उरलं नव्हतं, आणि ब्रिटिश झेंड्याचं संरक्षण गेल्यामुळे भूमध्य समुद्रात त्यांची व्यापारी जहाजं धरली जाऊ लागली. २७ मार्च १७९४ ला सहा फ्रिगेटी, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान लढाऊ जहाजं, बांधायचा कायदा झाला. त्यात एक मेख होती: अल्जियर्सशी तह झाला तर काम थांबवायचं. १७९५ मध्ये तह झाला आणि १७९६ मध्ये काम खरोखर थांबलंही. वॉशिंग्टनने काँग्रेसला गळ घालून तीन जहाजं पुरी करायची परवानगी मिळवली. त्या तिघांत हे होतं.

आराखडा जोशुआ हम्फ्रीजचा. त्याचं गणित असं की आपल्याला इंग्रजांइतकी जहाजं बांधणं या जन्मी शक्य नाही. मग जी बांधू ती अशी असावीत की बरोबरीच्या फ्रिगेटीला भारी पडतील आणि मोठ्या जहाजाच्या हाती लागणार नाहीत. पाण्याच्या रेषेवर लांबी १७५ फूट, रुंदी साडेत्रेचाळीस फूट, कागदावर ४४ तोफा, प्रत्यक्षात पन्नासच्या वर. सांगाड्याला जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचा ‘लाइव्ह ओक’. हे लाकूड इतकं जड की ओलं असताना पाण्यात बुडतं. ते तोडायला उत्तरेकडून गेलेली माणसं दलदलीत हिवतापाने आडवी झाली. सांगाड्याच्या बरगड्या इतक्या जवळ जवळ बसवल्या की मधे जेमतेम दोन इंचांची फट, आणि आतून-बाहेरून पांढऱ्या ओकच्या फळ्या. पाण्याच्या रेषेजवळ ही भिंत जवळपास दोन फूट जाडीची होते. तांब्याचे खिळे-बोल्ट पुरवले पॉल रिव्हीअरने. हो, तोच, इंग्रज फौज येतेय असा रात्री घोड्यावरून इशारा देत गेलेला.

जलावतरणाची मात्र फजिती झाली. २० सप्टेंबर १७९७ ला राष्ट्राध्यक्ष ॲडम्ससकट सगळे जमले, टेकू काढले, आणि जहाज २७ फूट घसरून थांबलं. दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न, पुन्हा थोडं सरकून ठप्प. धावपट्टीचा उतार वाढवावा लागला, आणि एका महिन्यानंतर, २१ ऑक्टोबरला ते पाण्यात उतरलं.

पुढे १८१२ चं इंग्रजांशी युद्ध. १९ ऑगस्टला हॅलिफॅक्सच्या आग्नेयेला ‘गेरीअर’ या इंग्रजी फ्रिगेटीशी गाठ पडली. कप्तान आयझॅक हल. इंग्रजी गोळे बाजूवर आपटून समुद्रात पडताना पाहून कोणी खलाशी ओरडला की हिच्या बाजू लोखंडाच्या आहेत, आणि टोपणनाव पडलं. ‘गेरीअर’ची इतकी वाताहत झाली की ओढून नेण्यातही अर्थ नव्हता, दुसऱ्या दिवशी पेटवून दिली. अमेरिकेत हे पोरासोरांना पाठ असतं.

पण मला अडकवणारी लढाई दुसरी आहे. २९ डिसेंबर १८१२, ब्राझीलचा किनारा, बाहियाच्या जवळ. आता कप्तान विल्यम बेनब्रिज. समोर ‘जावा’. ही मुळात फ्रेंच फ्रिगेट, १८११ मध्ये मादागास्करजवळ इंग्रजांनी पकडलेली. नोव्हेंबरात इंग्लंडहून निघाली होती आणि चालली होती हिंदुस्थानात. तीन तासांहून जास्त लढाई चालली. बेनब्रिज दोनदा जखमी झाला, ‘कॉन्स्टिट्यूशन’चं सुकाणूचं चाक गोळ्याने उडालं, मग खाली माणसं उभी करून ओरडून हुकूम देत जहाज वळवलं. ‘जावा’ची शेवटी एकही डोलकाठी उभी राहिली नाही. तिचा कप्तान हेन्री लँबर्ट काही दिवसांनी जखमांनी मेला. अमेरिकनांनी ‘जावा’चं चाक काढून आपल्या जहाजाला लावलं आणि ‘जावा’ पेटवून दिली.

‘जावा’वर काय होतं? मुंबईच्या गोदीत बांधणी चालू असलेल्या ७४ तोफांच्या जहाजासाठी आणि आणखी दोन लहान जहाजांसाठी तांबं. मुंबईला सेनापती म्हणून निघालेला लेफ्टनंट जनरल हिस्लॉप. आणि मुंबईत बांधायच्या नव्या फ्रिगेटीचे नकाशे. ती फ्रिगेट म्हणजे ‘ट्रिंकोमाली’. नकाशे जळाले, नवे पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडियांनी ती मलबारी सागात बांधली, आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ती मुंबईच्या पाण्यात उतरली.

‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, तरंगत्या स्थितीत. ब्रिटनचं अजून तरंगणारं सर्वात जुनं लढाऊ जहाज. म्हणजे जगात अजून तरंगणाऱ्या सर्वात जुन्या दोन फ्रिगेटींपैकी एकीने दुसरीचे नकाशे ती जन्मायच्या आधीच नष्ट केले होते. ‘गेरीअर’ची लढाई अमेरिकनांना लखलाभ. आपल्यासाठी ‘जावा’ची महत्त्वाची.

---

सुरंगी

मस्त धागा! तिकिटापासून कुठे नेलंत. ‘जावा’वरचं सामान वाचून तर चाटच पडले.

एक विचारू का? वारा पडला की ही शिडाची जहाजं काय करायची? म्हणजे शत्रू मागे लागलाय आणि वाराच नाही, असं कधी झालंच असेल ना?

---

तिकीटवेडा

@सुरंगी, झालं, आणि याच जहाजाच्या बाबतीत. १८१२ च्या जुलैत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर ‘कॉन्स्टिट्यूशन’ला पाच इंग्रजी जहाजांनी गाठलं. त्यात ‘गेरीअर’ही होती. आणि वारा साफ पडला.

आधी होड्या उतरवून वल्हवत ओढायला सुरुवात केली, पण इंग्रजांनीही तेच केलं, आणि त्यांच्याकडे होड्या जास्त. मग पाण्याची खोली मोजली, पंचवीस-सव्वीस वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) भरली. म्हणजे नांगर तळाला लागतो. जहाजावरचे होते नव्हते तेवढे दोर एकमेकांना गाठले, लहान नांगर होडीत घातला आणि होडी पुढे वल्हवत नेऊन नांगर टाकला. दोराचं दुसरं टोक जहाजावरच्या उभ्या रहाटाला. खलाशी रहाटाचे दांडे छातीशी धरून गोल गोल चालायचे, दोर गुंडाळला जायचा आणि जहाज नांगराकडे सरकायचं. पहिला नांगर उचलेपर्यंत दुसरा पुढे नेऊन टाकलेला असायचा. हे अवजड धूड असं हातांनी ओढत नेलं. शिवाय वजन कमी करायला २,३०० गॅलन पिण्याचं पाणी उपसून समुद्रात सोडलं, आणि शिडांवर बादल्यांनी पाणी मारत राहिले, कारण ओलं कापड मिळेल तेवढी झुळूक धरून ठेवतं.

इंग्रजांना युक्ती कळली, त्यांनीही नक्कल केली. एकूण ५७ तास पाठलाग चालला. शेवटी वारा आला आणि ती निसटली. मला विचाराल तर हलचं खरं कर्तृत्व हे. एका महिन्याने ‘गेरीअर’ हरवली त्यात जहाजाच्या आकाराचा वाटा मोठा होता.

---

चिकित्सक

शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून बरं वाटलं, नाहीतर मी तेच लिहायला आलो होतो.

‘कॉन्स्टिट्यूशन’च्या मुख्य मजल्यावर २४ पौंडी तोफा होत्या. ‘गेरीअर’ आणि ‘जावा’ दोघींवर १८ पौंडी. म्हणजे प्रत्येक गोळा एक तृतीयांशाने जड, त्यात माणसंही जास्त, जहाजाची भिंतही जाड. ‘जावा’वर तर बरीचशी नवखी भरती होती आणि लढाईच्या आदल्या दिवशी तोफांचा सराव झाला तोही बिनगोळ्यांचा. यात अमेरिकी शौर्य कमी होत नाही, पण बरोबरीची लढत म्हणून जे सांगतात ते पटत नाही. इंग्रज आरमाराने पुढे १८१३ मध्ये आपल्या फ्रिगेटींना गुपचूप ताकीदच दिली की या मोठ्या अमेरिकी फ्रिगेटींशी एकट्याने भिडू नका. हम्फ्रीजचा हिशोब बरोबर ठरला याची याहून मोठी पावती कुठली?

दुसरं, हिस्लॉप. बऱ्याच अमेरिकी लिखाणात त्याला ‘मुंबईचा गव्हर्नर’ म्हणतात. तसं नाही. १८१२ ते १८१९ मुंबईचा गव्हर्नर सर इव्हन नेपियन होता. हिस्लॉप येत होता सैन्याचा प्रमुख म्हणून. धागाकर्त्याने बरोबर लिहिलंय, पण इतरत्र वाचाल तर सावध असा.

---

खानदेशी ठसका

एक मिनिट. हिस्लॉप म्हणजे थाळनेरचा हिस्लॉप??

---

चिकित्सक

तोच. सर थॉमस हिस्लॉप.

---

खानदेशी ठसका

मग माझ्याकडून सविस्तर, कारण आमच्या भागात हा माणूस अजून विसरलेला नाही.

‘जावा’वरून पकडला गेल्यावर बेनब्रिजने त्याला बाहियाला सोडून दिलं, युद्ध संपेपर्यंत आमच्याविरुद्ध लढणार नाही असं वचन घेऊन. ‘आमच्याविरुद्ध’ म्हणजे अमेरिकेविरुद्ध, मराठ्यांना त्या वचनातून काही मिळालं नाही. गडी परत इंग्लंडला गेला, १८१३ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब दिला, आणि पुढच्या वर्षी मद्रासचा सरसेनापती म्हणून नेमला. मुंबई हुकली पण हिंदुस्थान हुकला नाही.

२१ डिसेंबर १८१७, महिदपूर. क्षिप्रेच्या काठावर होळकरांचं सैन्य मोडलं ते याच हिस्लॉपच्या हाताखालच्या फौजेने. जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि तापीकाठचे खानदेशातले किल्ले होळकरांनी सोडून दिले. हिस्लॉप दक्षिणेकडे परत निघाला तो २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरला पोचला. थाळनेर आता धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात. किल्लेदार तुळशीराम मामा. तहाप्रमाणे किल्ला द्यायचा होता, पण आतून गोळीबार झाला. मग इंग्रज दरवाजापर्यंत पोचले, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला, आतल्या दरवाजात काही इंग्रज अधिकारी शिरले आणि तिथे गोंधळात झटापट होऊन ते मारले गेले. त्यानंतर आतली अरबांची शिबंदी, अडीच-तीनशे माणसं, कापून काढली. आणि किल्लेदाराला, जो आधीच ताब्यात होता, फाशी दिली.

यावरून लंडनच्या पार्लमेंटातही हिस्लॉपवर प्रश्न उठले. नदीच्या काठावर आज किल्ल्याची पडझडच उरली आहे.

बेनब्रिजने त्याला थोडं जास्त दिवस अडकवून ठेवला असता तर बरं झालं असतं, एवढंच म्हणेन.

---

सातवा मजला

हिस्लॉप नसता तर दुसरा कोणी आला असता. १८१७ मध्ये कंपनीकडे सेनापतींचा दुष्काळ नव्हता. तेव्हा जर-तर नको.

माझा प्रश्न वेगळा. हे ‘२०० वर्षं जुनं जहाज’ म्हणतात त्यात २०० वर्षं जुनं किती उरलंय? इतक्यांदा दुरुस्त्या झाल्यात की मूळ लाकूड दहा-पंधरा टक्के असेल नसेल. फळ्या नव्या, डोलकाठ्या नव्या, दोर नवे, तोफा नकली. तिकीट तीन सेंटचं काढलं तेही महागच.

---

वल्हं

@सातवा मजला, आमच्या घरात लाकडी होड्या बांधायचं काम होतं, म्हणून लिहितो. आता फायबरच्या आल्यावर ते थांबलं, पण काका लोकांच्या हाताखाली बरंच बघितलंय.

लाकडी जहाजाला कोणी ‘मूळ’ फळी मोजत बसत नाही. पठाण, म्हणजे जहाजाचा बुडातला कणा, शाबूत आहे ना, मग जहाज तेच. फळी कुजली की काढायची, वाक, म्हणजे बरगडी, तडकला की नवा घालायचा. दरसाल पावसाळ्याआधी होडी वर ओढली की फटींतला जुना कापूस टोकदार लोखंडाने उकरून काढायचा, तेलात भिजवलेला नवा कापूस वळून ठोकून भरायचा, वर चंद्रूस नि तेल. पूर्वी बुडाला चुना चोपडायचे, पाण्यातल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून वाचवायला. हे करत नाही त्याची होडी चार पावसाळ्यांत सरपणाला जाते. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या बुडाला चुन्याऐवजी तांब्याचे पत्रे, काम तेच. आणि तिचा पठाण मूळचा आहे, हे मी वाचलेलं आहे.

आता साग आणि ओक. यात खरी मेख आहे. ओकमध्ये आम्लं असतात, लोखंडी खिळा त्यात गंजतो आणि भोवतालचं लाकूडही खराब होतं. सागात तेल असतं, खिळा राहतो. शिवाय तोफेचा गोळा ओकमध्ये घुसला की भाल्यासारख्या चिपा उडतात. त्या काळी लढाईत गोळ्यापेक्षा चिपांनी जास्त माणसं मरायची. सागाच्या चिपा तशा उडत नाहीत असं म्हणतात. सागाच्या टिकाऊपणामुळेच तर ‘ट्रिंकोमाली’त साठ टक्क्यांच्या वर लाकूड अजून मूळचं आहे असं सांगतात. ती काही ‘कॉन्स्टिट्यूशन’इतकी लाडावलेली नव्हती, मधली कित्येक वर्षं नुसती नांगरून ठेवलेली होती. तरी टिकली.

---

सातवा मजला

पठाणाचा मुद्दा मान्य. सागाचा तर आधीपासून मान्य होता, आमच्या आजोळच्या घराचे खांब बघितलेत.

---

बॉस्टनवाली

वाचत होते, आता राहवेना. मी इथे जवळच राहते, पाहुणे आले की पहिला मुक्काम हे जहाज.

वर जायला तिकीट नाही, ओळखपत्र दाखवून सुरक्षातपासणी होते. वर जे माहिती सांगतात ते खरे नौसैनिक असतात, जुन्या गणवेशात. विशीतली पोरं. तोफांच्या मजल्यावर छत इतकं खाली की माझ्या नवऱ्याला वाकून चालावं लागतं. एका तोफेला दहाच्या वर माणसं लागायची, त्या जागेत ती कशी मावायची ते बघून घाम फुटतो. सकाळी झेंडा चढवताना आणि संध्याकाळी उतरवताना एक तोफ उडते, ती आम्हाला ऐकू येते. चार जुलैला बोटी लावून तिला बंदरात फिरवून आणतात, २१ तोफांची सलामी होते आणि परत लावताना तोंड उलट दिशेला करतात, म्हणजे ऊनपाऊस दोन्ही बाजूंना सारखा बसावा.

लाकडाबद्दल: इंडियानात नौदलाची जागा आहे, तिथल्या जंगलात खास हिच्यासाठी पांढरा ओक राखून ठेवलाय. आणि १९२७ च्या सुमाराला मोठी दुरुस्ती काढली तेव्हा लाइव्ह ओक कुठून आणायचा असा प्रश्न पडला होता. फ्लोरिडात पेन्साकोलाला एका तळ्यात नौदलानेच कित्येक दशकांपूर्वी बुडवून ठेवलेले ओंडके सापडले, जवळपास दीड हजार टन. मुद्दाम पाण्यात मुरवायला ठेवले होते आणि मधल्या काळात लोखंडी जहाजं आल्यावर ते तसेच पडून राहिले.

त्या दुरुस्तीला शाळेतल्या मुलांनी एक-एक पेनी जमवून दिली होती. मग १९३१ ते ३४ तिला अमेरिकेच्या किनाऱ्याने नव्वद बंदरांत फिरवलं, वर्गणी दिलेल्या पोरांना दाखवायला. शिडांवर नाही हं, दुसऱ्या बोटीने ओढत.

---

आडकित्ता

याहून मजेदार म्हणजे तिला मोडीत काढायचे बेत किती वेळा झाले. १८३० मध्ये बॉस्टनच्या पेपरात बातमी आली की मोडणार. ऑलिव्हर वेंडेल होम्स तेव्हा २१ वर्षांचा विद्यार्थी, त्याने रागाने एक कविता लिहिली, ती देशभर छापली गेली आणि जहाज वाचलं. (नौदलाचा मोडायचा पक्का निर्णय तेव्हा झालाच नव्हता असंही म्हणतात, पण कविता जोरदार आहे.) १९०५ मध्ये नौदलखात्याचा मंत्री म्हणाला की जुनं झालंय, नेमबाजीच्या सरावाला वापरून बुडवूया. या मंत्र्याचं नाव काय असावं? चार्ल्स बोनापार्ट. नेपोलियनच्या भावाचा नातू! इंग्रजांना पाणी पाजलेलं जहाज बोनापार्टने बुडवायला निघावं. लोक खवळले आणि बेत बारगळला.

आणि त्या मुंडक्याची गोष्ट कोणी सांगितली नाही?

---

बॉस्टनवाली

मीच सांगते. १८३४ मध्ये कप्तानाने जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनचा लाकडी पुतळा बसवला. बॉस्टनमध्ये जॅक्सनवर लोकांचा दात होता, बँकेच्या भानगडीवरून. जुलैच्या सुरुवातीला रात्री वादळी पावसात सॅम्युअल ड्यूई नावाचा माणूस होडी वल्हवत आला, नाळेवर चढला आणि करवतीने जॅक्सनचं डोकं कापून घेऊन गेला. दोन्ही बाजूंना मोठी लढाऊ जहाजं नांगरलेली, पहारेकरी हजर, तरी कोणाला पत्ता नाही. नंतर ते डोकं घेऊन तो थेट वॉशिंग्टनला गेला म्हणे, आणि नौदलमंत्र्याच्या हवाली केलं.

---

सुरंगी

😂😂 पुणेरी पाट्या लावणारे तरी बरे.

---

चिकित्सक

मुंबईकडे परत येऊ. ‘जावा’वरचं तांबं ज्या ७४ तोफांच्या जहाजासाठी होतं ते ‘कॉर्नवॉलिस’. तेही वाडियांचंच. तांबं बुडालं तरी जहाज थांबलं नाही, २ मे १८१३ ला पाण्यात उतरलं.

आता यातली गंमत. ‘जावा’ची लढाई झाली तेव्हा बाहियाच्या बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ची जोडीदार ‘हॉर्नेट’ एका इंग्रजी जहाजाला कोंडून उभी होती. एप्रिल १८१५ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात ‘हॉर्नेट’च्या मागे एक मोठं इंग्रजी जहाज लागलं. ‘हॉर्नेट’ने नांगर, तोफा, सुटं सामान, सगळं समुद्रात फेकून कसाबसा जीव वाचवला. मागे लागलेलं जहाज कोणतं? ‘कॉर्नवॉलिस’. तांब्याचा हिशोब निम्मा तरी चुकता केला.

आणि १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला, ज्याने हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, त्यावर सह्या झाल्या त्या याच मुंबईच्या ‘कॉर्नवॉलिस’वर. अभिमान वाटावा की लाज, ते ज्याचं त्याने ठरवावं. त्या युद्धाचं मूळ अफूच्या व्यापारातच होतं.

---

वल्हं

वाडिया म्हटलं की जमशेटजींचं एकट्याचं नाव येतं. पण गोदीत शेकड्याने सुतार, लोहार, फटी बुजवणारे होते, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. ‘ट्रिंकोमाली’च्या पठाणात पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. तो विधी मोठ्यांनी केला असेल, बाकीचे खिळे कोणी ठोकले?

---

तिकीटवेडा

@वल्हं, अगदी. बॉस्टनच्या हार्टच्या कारखान्यातल्या, म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूशन’ जिथे बांधलं तिथल्या, सुतारांचीही तीच गत आहे. तिकिटावरसुद्धा जहाज आहे, माणूस एकही नाही.

तिकिटांचं राहिलंच होतं. २०१२ मध्ये युद्धाला २०० वर्षं झाली म्हणून अमेरिकेने ‘कॉन्स्टिट्यूशन’वर आणखी एक तिकीट काढलं. त्यावर मिकेले फेलिचे कॉर्ने या चित्रकाराचं, १८०३ च्या सुमाराचं चित्र आहे. ते या जहाजाचं सर्वात जुनं ज्ञात चित्र मानतात. रंगीत आहे, देखणं आहे, तरी मला १९४७ चं जास्त आवडतं. एका रंगाच्या कोरीव छपाईत जो धारदारपणा असतो तो रंगीत छपाईत येत नाही. भिंग लावून बघा.

आपल्याकडे वाडिया घराण्यातल्या अर्देशीर कर्सेटजींवर १९६९ मध्ये २० पैशांचं तिकीट निघालं. ते जहाजबांधणीतले, पण वाफेच्या जमान्यातले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो, १८४१ साली. माझ्या वहीत ते ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या शेजारच्या पानावर आहे.

---

आडकित्ता

मुंबईच्या इतर जहाजांचं काय झालं? ‘ट्रिंकोमाली’ एकटीच उरली का?

---

चिकित्सक

तरंगणारी तीच. ‘कॉर्नवॉलिस’ शेवटी इंग्लंडमध्ये शीअरनेसला धक्का म्हणून वापरली. ‘एशिया’, मुंबई १८२४, ग्रीसजवळच्या नावारिनोच्या लढाईत इंग्रज ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं ध्वजजहाज. सर्वात विलक्षण शेवट ‘वेल्स्ली’चा. मुंबई १८१५, ७४ तोफा. नाव बदलून टेम्स नदीत मुलांच्या प्रशिक्षणाला ठेवली होती. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी बाँब टाकले आणि ती बुडाली. शिडाच्या जमान्यातलं असं मोठं लढाऊ जहाज विमानहल्ल्यात बुडण्याचं हे एकच उदाहरण.

---

सातवा मजला

वेल्स्लीवर वेगळा धागा काढा. इथे तिची दोन ओळींत बोळवण नको.

---

सुरंगी

+१. आणि जिथे ही सगळी बांधली ती गोदी मुंबईत बघता येते का? पुढच्या महिन्यात फोर्टात काम आहे.

---

वल्हं

डंकन गोदी १८१० ची, अजून वापरात आहे, पण नौदलाच्या ताब्यात. लायन गेटच्या आत आपल्याला सोडत नाहीत. बॉम्बे डॉक त्याहून जुनी, तीही आतच. बाहेरून दगडी भिंत दिसेल, बस्स. एखाद्या वर्षी नौदल सप्ताहात जहाजं बघायला आत सोडतात, तेव्हा नंबर लावा आणि ओळखपत्र विसरू नका.

---

तिकीटवेडा

वेल्स्लीचा धागा चिकित्सकांनी काढावा, माहिती त्यांच्याकडे जास्त आहे. मी तिकिटांपुरता हजेरी लावतो. @बॉस्टनवाली, कधी जमलं तर जहाजावरच्या सुकाणूच्या चाकाबद्दल तिथल्या नौसैनिकांना विचाराल का? ‘जावा’चं चाक पुढे किती वर्षं त्या जहाजावर होतं ते मला हवंय.

---

बॉस्टनवाली

नक्की. रविवारी जाते.